जुन्या मोटारसायकलची चावी अडकते तेव्हा

इग्निशनची चावी अडकते, ही जुन्या मोटारसायकलींच्या मालकांची नेहमीची तक्रार आहे. परंतु चावी आत जातानाच अडकते, पूर्ण आत जाऊन फिरत नाही, फिरते पण जड फिरते, की सहज फिरूनही गाडीला करंट मिळत नाही, हे नीट पाहिल्याशिवाय उपायाला हात घालू नये. या चारही प्रकारांत दोषाची जागा वेगळी असते. तरीही जळगाव असो की शहादा, आपल्याकडे पहिला उपाय बहुतेक वेळा एकच होतो, तो म्हणजे चावीच्या भोकात तेल सोडणे. तेलामुळे काही दिवस बरे वाटते आणि नंतर कुलूप पूर्वीपेक्षा अधिक घट्ट होते. असे का होते, हे कळण्यासाठी आधी कुलपाची आतील रचना समजून घ्यावी लागते.

इग्निशन लॉक म्हणजे एकावर एक बसवलेली दोन यंत्रे असतात. वरचे यंत्र निव्वळ यांत्रिक, म्हणजे कुलूप; खालचे यंत्र विजेचे, म्हणजे स्विच. चावी वरच्या यंत्राला फिरवते आणि वरचे यंत्र खालच्या यंत्राला फिरवते. वरच्या भागात एक स्थिर कवच असते, ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते, आणि त्याच्या आत फिरणारा एक गोल गाभा असतो. गाभ्याला आडव्या फटी पाडलेल्या असून प्रत्येक फटीत पितळेची एकेक पातळ पत्ती आणि तिच्यामागे केसासारखी बारीक स्प्रिंग बसवलेली असते. चावी नसताना स्प्रिंग पत्तीला बाहेर ढकलते, पत्तीचे टोक कवचातील खाचेत शिरते आणि जुन्या वाड्याच्या दरवाजामागील अडसराप्रमाणे गाभ्याला फिरू देत नाही. प्रत्येक पत्तीला मधोमध चौकोनी खिडकी असते व चावी या सर्व खिडक्यांतून आत जाते. चावीवरील खाचांची खोली अशी ठरवलेली असते की योग्य चावी पूर्ण आत गेली म्हणजे सर्व पत्त्या एकाच वेळी गाभ्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात. एक जरी पत्ती थोडी बाहेर राहिली तरी गाभा फिरत नाही, आणि या थोड्याचा अर्थ मिलिमीटरचा एखाददुसरा दशांश इतकाच असतो.

जावाच्या जुन्या गाड्यांना मात्र हे वर्णन लागू पडत नाही. मैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून निघू लागलेल्या त्या गाड्यांची चावी खिळ्यासारखी असते, ती दिव्याच्या कवचावरील स्विचमध्ये दाबून बसवतात आणि तिला पत्त्यांचे कुलूप नसतेच. अशा गाडीत चावी अडकली तर गंज, वाळलेले ग्रीस किंवा थकलेली स्प्रिंग यांपलीकडे फारसे शोधावे लागत नाही. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेट आणि राजदूत यांच्या निरनिराळ्या वर्षांच्या मॉडेलांत स्विच वेगवेगळे आढळतात, शिवाय इतक्या वर्षांत कोणी तरी बाजारातील दुसरेच कुलूप बसवलेले असण्याची शक्यता असते. म्हणून आपल्या गाडीत कोणत्या जातीचे कुलूप आहे, हे कंपनीच्या नावावरून गृहीत न धरता डोळ्यांनी पाहावे.

आता तेलाकडे येऊ. खानदेशातील काळ्या कपाशीच्या जमिनीची धूळ अत्यंत बारीक असते आणि उन्हाळ्यात ती रस्त्यावरून, बांधावरून, उभ्या गाडीवर सतत बसत राहते. चावीचे भोक बहुतेक गाड्यांत वरच्या दिशेला तोंड करून असते. कोरडी धूळ आत गेली तर तिचा काही भाग चावीबरोबर बाहेरही येतो. पण आत तेल असेल तर धूळ तेथेच चिकटते आणि पत्त्यांच्या फटींमध्ये तिचा लगदा तयार होतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास, जेव्हा भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा धातू त्याहून कितीतरी अधिक तापतो. या उष्णतेत तेलातील पातळ अंश उडून जातो आणि उरलेला भाग चिकट, पिवळसर थरासारखा पत्त्यांवर बसतो. इंजिन ऑइल, शिलाई मशीनचे तेल आणि खोबरेल तेल या तिघांचाही शेवट असाच होतो. त्यातही खोबरेल तेल थंडीत गोठत असल्यामुळे पौषातल्या सकाळी त्याचा त्रास वेगळाच.

पावसाळ्यात दोषाचे रूप बदलते. भोकात शिरलेले पाणी आणि धुलाईच्या दुकानातील जोराचा फवारा यांमुळे जस्ताच्या कवचावर पांढरी भुकटी येते, ती गाभा आणि कवच यांच्यामधील फट भरून काढते. याखेरीज एक कारण असे आहे की ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: चावी ज्या खिशात असते त्याच खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते. तंबाखूचा चुरा चावीच्या खाचांत बसून सरळ कुलपात जातो आणि ओला चुना जस्ताला खातो. चावी वेगळ्या खिशात ठेवणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

निदान करताना गाडी मुख्य स्टँडवर उभी करावी आणि चावी अगदी सावकाश घालून प्रत्येक टप्प्यावर हाताला काय जाणवते ते पाहावे. चावी अर्ध्यात थांबत असेल तर पहिला संशय चावीवरच घ्यावा. ती सपाट काचेवर ठेवून वाकली आहे का ते बघावे आणि कडेला धातूची बारीक खरखरीत कड उठली असेल तर ती अतिशय मऊ कानसेने काढावी, खाचांना मात्र हात लावू नये. चावी पूर्ण आत जाऊनही गाभा हलत नसेल तर ती तिळभर मागे ओढून हलक्या हाताने फिरवून पाहावी. अशा तिळभर मागच्या स्थितीत कुलूप उघडत असेल, तर पत्त्या मोकळ्या असून चावीच झिजलेली असण्याचा संभव फार मोठा असतो. ज्या गाड्यांत हँडल लॉक आणि इग्निशन एकाच कुलपात आहेत, त्यांत हँडलचा भार आतल्या दांड्यावर येतो आणि चावी फिरत नाही. हँडल किंचित उजवीकडे-डावीकडे हलवत चावी फिरवली की ती सुटते आणि तो मुळात दोषच नसतो. कोणत्याही परिस्थितीत पक्कड लावून चावी फिरवू नये. पितळी चावी पिळली जाऊन आतच तुटते, आणि ओतीव जस्ताचे कवच ठिसूळ असल्यामुळे त्याला गेलेली चीर पुन्हा जोडता येत नाही.

घाण हा दोष ठरला, तर आधी स्वच्छता आणि मग वंगण हा क्रम मोडू नये. गाडी थंड असावी, जवळ बिडी-सिगारेट नसावी, आणि बॅटरीची जी तार चासीला जोडलेली असते ती प्रथम सोडवावी. आजच्या गाड्यांत ही ऋण तार असते, परंतु जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या अनेक गाड्यांत धन टोक चासीला जोडलेले असते, म्हणून रंगावर विश्वास न ठेवता तार कोठे जाते ते पाहावे. त्यानंतर बारीक नळीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा, म्हणजे विजेच्या जोडण्या साफ करणाऱ्या द्रवाचा, फवारा भोकात मारावा, चावी अनेकदा आत-बाहेर करावी, दर वेळी ती पांढऱ्या फडक्याने पुसावी, आणि फडक्यावर काळे उमटणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. कुलूप गाडीवरच असेल तर पेट्रोल किंवा रॉकेल आत ओतू नये. पहिले टाकीखाली धोक्याचे आहे आणि दुसरे तेलकट अंश मागे ठेवते. बाजारात सर्वत्र मिळणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा ओल हटवायला आणि चिकटा सैल करायला चांगला आहे, पण त्याला कायमचे वंगण समजणे चूक आहे, कारण त्याचाही पातळ तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. तो वापरलाच, तर नंतर क्लीनरने धुऊन कुलूप पूर्ण कोरडे होऊ द्यावे.

कुलपासाठी कोरडे वंगण हवे, आणि त्यात सर्वांत जुने म्हणजे ग्रॅफाइट. हार्डवेअरच्या दुकानात त्याची भुकटी मिळते. ती नसेल तर चित्रकलेची ४बी किंवा ६बी पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंवर घासून चावी काही वेळा आत-बाहेर करावी. लिहिण्याच्या साध्या एचबी पेन्सिलीत मातीचे प्रमाण अधिक असते, म्हणून ती टाळलेली बरी. तेल असलेल्या कुलपात ग्रॅफाइट घालू नये, कारण दोन्ही मिळून काळा गारा होतो.

घराच्या कुलपात ग्रॅफाइट सैल हाताने टाकले तरी चालते. मोटारसायकलीच्या इग्निशनमध्ये ते चालत नाही, कारण ग्रॅफाइट हे विजेचे वाहक आहे. गाभ्याच्या बरोबर खाली स्विचच्या पट्ट्या, म्हणजे एकमेकींना टेकून करंट पुढे नेणारे धातूचे तुकडे, आहेत. भुकटीची अख्खी नळी भोकात रिकामी केली तर ती हळूहळू खाली झिरपते, दोन पट्ट्यांमधील वीज न वाहणाऱ्या फायबरवर तिचा थर तयार होतो, आणि चावी बंद असतानाही बॅटरीतून थोडा थोडा करंट वाहत राहतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मेलेली का सापडते, याचा शोध मग डायनॅमोपासून रेग्युलेटरपर्यंत सगळीकडे घेतला जातो. म्हणून चावीवर घासले जाईल तेवढेच ग्रॅफाइट वापरावे. ज्या गाड्यांत स्विच कुलपाला अगदी चिकटून आहे, त्यांत टेफ्लॉनचा कोरडा फवारा अधिक सुरक्षित. तो वीज वाहत नाही आणि वाळल्यावर धूळही धरत नाही.

स्वच्छता करूनही चावी अडखळत असेल तर चावीच्या झिजेचा विचार करावा. चाळीस-पन्नास वर्षे वापरलेल्या चावीच्या खाचांचे काठ गोल झालेले असतात, आणि अशा चावीवरून काढलेली डुप्लिकेट चावी ही झिजेची हुबेहूब नक्कल असते; तिने सुधारणा होण्याचे काही कारण नाही. जुन्या चावीवर किंवा कुलपाच्या कवचावर कोरलेला क्रमांक वाचता आला तर त्या क्रमांकाप्रमाणे मूळ मापाची चावी पाडून घेता येते. क्रमांक नसेल तर घरात इतकी वर्षे न वापरता पडून राहिलेली दुसरी चावी शोधावी, ती सहसा कमी झिजलेली असते. तीही नसेल, तर कसबी चावीवाला कुलूप उघडून नव्या चावीला अनुसरून पत्त्यांची अदलाबदल करून देतो. काही चावीवाले पत्तीचे बाहेर राहणारे टोक घासून काम भागवतात, त्याने कुलूप फिरते खरे, पण मग ते जवळपास तशाच कोणत्याही चावीने फिरू लागते. चालू स्थितीत चावी बाहेर ओढता येत असेल तर पत्त्या किंवा चावी मर्यादेबाहेर झिजल्या आहेत असे समजावे. या झिजेला जुडगाही कारणीभूत असतो: घराच्या, पंपाच्या खोलीच्या आणि कपाटाच्या चाव्या एकत्र लटकवल्या म्हणजे सिंगल सिलिंडर इंजिनाच्या थरथरीने तो सारा भार पत्त्यांवर आदळत राहतो.

चावी आत तुटलीच तर तुकड्यामागे दुसरी चावी ढकलू नये. गाभा बंद स्थितीत, म्हणजे ज्या स्थितीत चावी एरवी बाहेर निघते त्या स्थितीत, आहे याची खात्री करावी, क्लीनरचा फवारा मारावा, आणि सोनाराच्या करवतीचे बारीक पाते दात बाहेरच्या बाजूला येतील असे धरून तुकड्याच्या शेजारून आत सरकवावे. पाते किंचित तिरके करून ओढले की दात खाचेत अडकतात आणि तुकडा मागे येतो.

आता खालचे यंत्र. चावी पूर्ण फेरीत सारखीच जड लागत असेल, टप्प्यावर टक् असा आवाज होत नसेल, किंवा चावी हलवली की दिवा मंद-प्रखर होत असेल, तर दोष स्विचमध्ये आहे आणि भोकातून केलेला कोणताही उपाय तेथपर्यंत नीट पोहोचणार नाही. येथे हेही समजून घेतले पाहिजे की सर्व गाड्यांत इग्निशन स्विच एकच काम करत नाही. बुलेट किंवा जावासारख्या बॅटरी-कॉइलच्या गाडीत चावी चालू केल्यावर पट्ट्या जुळतात आणि ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या कॉइलला बॅटरीचा करंट मिळतो. तेथे पट्ट्या मळल्या तर ठिणगी कमजोर होते किंवा गाडी चालता चालता बंद पडते. मॅग्नेटोवरच्या (इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगीची वीज बनवणाऱ्या) आणि सीडीआयच्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) बहुतेक गाड्यांत याच्या उलट, चावी बंद केल्यावर पट्ट्या जुळतात आणि ठिणगीचा करंट चासीत उतरवला जातो. तेथे पट्ट्या मळल्या तर गाडी व्यवस्थित सुरू होते, पण चावी बंद करूनही बंद होत नाही. एकाच घाणीची अशी परस्परविरुद्ध लक्षणे दिसतात.

ज्या बुलेटच्या दिव्याच्या कवचावर अॅमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, आहे, त्या मालकाला तपासणीचे उत्तम साधन फुकट मिळालेले आहे. चावी चालू करून किक हाताने सावकाश दाबत गेल्यास सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटतात तेव्हा काटा उणेकडे झुकतो आणि ते उघडतात तेव्हा मध्यावर येतो. किक मारण्याआधी जुने बुलेटवाले हेच पाहतात. पॉइंट मिटलेले असताना काटा झुकलेला ठेवून चावी हलकेच डोलवावी. काटा स्थिर राहिला तर स्विच चांगला आहे. थरथरला तर पट्ट्यांची जोड ढिली आहे. हे फार वेळ करू नये, कारण त्या अवस्थेत कॉइल तापते.

मल्टिमीटर असल्यास याहून नेमके मोजता येते. हेडलाइट चालू ठेवून मीटरचे दोन्ही टोक स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारांवर ठेवावेत. चांगल्या स्विचवर साधारण ०.१ ते ०.२ व्होल्टहून अधिक पडझड दिसू नये. सहा व्होल्टच्या गाडीत याला फार महत्त्व आहे. ३५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर घेतो, तर ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर घेतो; मळलेल्या पट्टीचा रोध केवळ ०.१ ओहम असला तरी ६ व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट तेथेच खर्च होतो. हा व्होल्टेजचा दहावा हिस्सा झाला, परंतु तापणाऱ्या तारेच्या बल्बचा प्रकाश त्यामुळे सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. चोपड्याहून यावलकडे रात्री केळीच्या बागांमधून जाताना ही तीस टक्क्यांची घट चांगलीच जाणवते, आणि दोष मात्र बल्बला दिला जातो.

स्विच उघडण्यापूर्वी तारांचे मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढावेत आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी; जुन्या वायरिंगचे रंग उन्हाने इतके उडालेले असतात की पिवळा, पांढरा आणि फिका हिरवा यांत भेद करता येत नाही. पट्ट्या बसवलेली स्विचची खालची पाटी सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) किंवा दुमडलेल्या कानांनी धरलेली असते. कान एकदाच, आणि फार तर दुसऱ्यांदा वाकतात; पुढच्या वेळी तुटतात. टप्पा धरणारा पोलादी छर्रा व त्यामागची स्प्रिंग पाटी सुटताच उडते, म्हणून हे काम परातीत जुने धोतर किंवा चादर पसरून त्यावर करावे. पट्ट्यांवरील काळपट थर पेन्सिलीच्या खोडरबराने काढावा. त्याने न निघाल्यास अतिबारीक पॉलिश पेपर एखाददुसऱ्या वेळीच फिरवावा, कारण पट्टीवरील धातूचा थर पातळ असतो. मग पट्ट्यांवर व्हॅसलीनचा जेमतेम चमक येईल इतकाच हात द्यावा. ते साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान पातळ होते, तेव्हा जाड थर दिल्यास मे महिन्यात ते वितळून वाहणारच. छर्ऱ्यासाठी मोहरीएवढे उष्णता सहन करणारे ग्रीस पुरते.

या टप्प्यावर अनेक गॅरेजांत "डायरेक्ट करून देऊ का?" असा प्रश्न येतो. कुलूप बाजूला ठेवून बॅटरीची तार एका साध्या बटणावरून कॉइलला जोडायची, असा त्याचा अर्थ. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोहोचवण्यापुरते ते ठीक आहे, पण कायमची सोय म्हणून माझा त्याला विरोध आहे. गाडी कोणीही नेऊ शकतो, ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण अशी की ही तार बहुधा फ्यूजला वगळून टाकलेली असते आणि हँडलपाशी तिचे आवरण घासले की ती टाकीखालीच तापते. शिवाय केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. स्विच बदलल्याने ती अडेल असे नाही, परंतु अशी गाडी जपणाऱ्याने मूळ कुलूप दुरुस्त होत असेल तोवर फेकू नये. कवचाला चीर गेली असेल किंवा फायबरची पाटी जळून काळी झाली असेल तर मात्र नवे कुलूपच बसवावे, आणि घेताना टप्प्यांची संख्या व चालू-बंदची पद्धत जुन्याशी जुळते का ते पाहावे, कारण बॅटरी-कॉइलच्या गाडीला मॅग्नेटोचा स्विच भोकात बरोबर बसला तरी उलटे काम करतो. रात्रीचा प्रवास जास्त असणाऱ्याने हेडलाइटसाठी रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवून घ्यावा. दिव्याचा भार मग स्विचवरून जात नाही आणि बाहेरून गाडीचे रूपही बदलत नाही.

जोडणी पूर्ण झाल्यावर बॅटरीची तार सर्वांत शेवटी लावावी, प्रत्येक टप्प्यावर दिवा, हॉर्न आणि चार्जिंग पाहावे, नंतर इंजिन संथ गतीवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. इंजिनाचा आवाज एखाद्या बाजूला बदलला किंवा ते बंद पडले, तर तार कोठे तरी ताणली जात आहे. दिव्याचे कवच पुन्हा उघडून तिला ढील द्यावी आणि मगच स्क्रू घट्ट करावेत.